अंकुशनगर : वस्ती आणि वाट

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत, गोदावरीच्या उत्तरेस, महाकाळा गांवालगत अंकुशनगर ही वस्ती आहे. जुन्या गांवांची पांढरी, वेस वा गढी येथें शोधण्याचें कारण नाहीं. हें गांव समर्थ सहकारी साखर कारखान्याभोंवतीं वसलें. कारखान्याचे संस्थापक व १९९१ सालीं जालन्याहून लोकसभेवर निवडून गेलेले अंकुशराव टोपे यांचें नांव त्यास लाभलें.

गांव नवें असलें तरी मुलूख जुना आहे. निजामी अमदानींत, १९०० च्या सुमारास, हैदराबाद-गोदावरी खोरें रेल्वेचा मीटरमापी मार्ग जालन्यावरून गेला. तो काळ भीषण दुष्काळाचा होता. १८९१ सालीं सुमारें एक कोटि पंधरा लक्ष असलेली संस्थानची लोकसंख्या १९०१ सालीं एक कोटि अकरा लक्षांवर आली. रेल्वेनें जालन्याच्या पेठेस बरकत आणली. "जालना सोनेका पालना" ही म्हण त्या पेठेची. परंतु गंगथडीच्या गांवांना रूळ दूरच राहिले. त्यांचा कापूस व धान्य बैलगाडीनेंच पेठेस जाई. संस्थानांत सरकारी मोटारगाड्या १९३२ सालीं निघाल्या, त्याहि अवघ्या २७!

या थडीचें दैव खरें पालटलें तें पाण्यानें. जायकवाडीच्या धरणाची कोनशिला १९६५ सालीं लालबहादुर शास्त्री यांनीं बसविली आणि १९७६ सालीं धरणाचें उद्घाटन झालें. सुमारें २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा अंबडच्या मुलखांतून गेला. पाणी आलें, तसा ऊस आला. तोडलेला ऊस कापसाप्रमाणें महिनोन् महिने वखारींत ठेवतां येत नाहीं. दिवस लोटतील तसें त्याचें वजन घटतें आणि साखरेचा उतारा पडतो. म्हणून कारखाना उसाच्या मध्यें हवा, आणि रस्ता त्याच्या दाराशीं हवा. धुळें-सोलापूर हमरस्ता अंकुशनगरास असा दाराशींच लाभला आहे. वडीगोद्रीस त्याला अंबड-जालन्याचा रस्ता मिळतो. दक्षिणेस शहागडचा पूल ओलांडला कीं बीड जिल्हा लागतो.

आतां वस्तीचा प्रश्न. तो वाटतो तितका सरळ नाहीं. दिवाळीच्या आगेमागें बॉयलर पेटला कीं मुकादमाची उचल घेतलेले ऊसतोड मजूर बिऱ्हाडासह कारखान्यांच्या परिसरांत उतरतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरण्याची रीत आहे. म्हणजे हिशेबांत दोन माणसें एका हत्यारांत मोडतात! पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात, टायरगाड्या फडाकडे धांवतात, आणि पोरें आईबापांमागें फडांत हिंडतात.

हा हंगाम ऐन भरांत असतां शिरगणती होते. २०११ ची गणती ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. त्या सर्व दिवसांत जो घरीं नव्हता, त्याची नोंद त्याच्या गांवीं करावयाची नव्हती. तो जेथें राहत होता तेथें करावयाची होती. सबब कोरडवाहू गांवें कागदावर रोडावतात, आणि कारखान्याकडील गांवें चार महिन्यांच्या पाहुण्यांमुळें फुगूं शकतात. जालना जिल्ह्याची लोकसंख्या त्या वेळीं १९,५९,०४६ भरली. जिल्ह्याच्या बेरजेस असा फरक फारसा जाणवत नाहीं. लहान वस्तीच्या आंकड्यास मात्र जाणवतो, आणि शाळा, दवाखाना व नळपाणी यांची मागणी त्याच आंकड्यावर मोजली जाते. कोपींतील पोराचें नांव हंगाम संपतांच परत जाणाऱ्या मुलांत धरावें कीं येथल्या शाळेच्या पटांत, याचें उत्तर त्या आंकड्यांत सांपडत नाहीं.

पुढील गणतीची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तेव्हांहि गाळप चालूच असेल. मग उन्हें तापतील, धुराडें थंडावेल, कोप्या मोडल्या जातील, आणि बिऱ्हाडें लादलेल्या गाड्या शहागडच्या पुलावरून दक्षिणेकडे वळतील.