वेड कोणी पांघरले होते?

'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो. ठाऊक असून ठाऊक नसल्याचा बहाणा करायचा आणि आपला कार्यभाग साधायचा, असा त्याचा अर्थ. त्यातले पेडगाव श्रीगोंदे तालुक्यातले, भीमाकाठच्या बहादूरगडाचे, असे सामान्यतः मानले जाते. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचे, परभणीलगतचे पेडगाव निराळे. म्हणीशी त्याचा संबंध नाही. तरीही परदेशी गेलेल्या आणि बोगस विद्यापीठांत अडकलेल्या भारतीय विद्यार्थ्यांची हकीकत वाचताना आम्हांला दोन्ही पेडगावांची आठवण झाली.

१९ जानेवारी २०११ रोजी अमेरिकी अधिकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील प्लेझंटन येथील 'ट्राय-व्हॅली विद्यापीठा'वर छापा घातला. नोंदणी दीड हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची होती. त्यांतील बहुतेक भारतीय, आणि त्यांतही बहुसंख्य तेव्हाच्या अविभक्त आंध्र प्रदेशातले. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांचा पत्ता सनीव्हेल येथील एकाच सदनिकेचा नोंदवलेला होता. शुल्क भरले की विद्यार्थी म्हणून अमेरिकेत राहता येईल अशी कागदपत्रे मिळत. वर्गाला बसण्याची सक्ती नसे. संस्थापिका सुझन सू यांना २०१४ मध्ये सोळा वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली. पण त्याच्या कितीतरी आधी काही विद्यार्थ्यांच्या घोट्याला पाळतीचे इलेक्ट्रॉनिक पट्टे बांधले गेले होते, आणि भारत सरकारला त्याविरुद्ध जाहीर निषेध नोंदवावा लागला होता.

येथवर ही ठक आणि गिऱ्हाईक यांची जुनीच गोष्ट आहे. पुढचा भाग मात्र विलक्षण आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने स्वतःच 'युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्दर्न न्यू जर्सी' नावाचे विद्यापीठ थाटले. उद्देश विद्यार्थी पुरवणाऱ्या दलालांना पकडण्याचा होता. २०१६ मध्ये २१ दलाल पकडले गेले आणि सुमारे हजार विद्यार्थ्यांचे भवितव्य टांगणीला लागले. त्यानंतर मिशिगन राज्यातील 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन'ची पाळी आली. तेथे ना प्राध्यापक होते, ना वर्ग. बोधचिन्ह आणि संकेतस्थळ मात्र होते, मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत नाव होते, आणि खुद्द सरकारने प्रसिद्ध केलेल्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीतही होते. जानेवारी २०१९ च्या अखेरीस पडदा उघडला. आठ दलालांवर खटले भरले गेले. पहिल्या काही दिवसांत सुमारे १३० विद्यार्थी ताब्यात घेतले गेले. त्यांतील १२९ भारतीय होते. भारताने दिल्लीतील अमेरिकी दूतावासाकडे निषेधपत्र दिले.

सरकारी वकिलांचे म्हणणे थोडक्यात असे, की विद्यार्थी वेड पांघरून पेडगावला गेले होते. तासच होत नाहीत, हे न कळण्याइतके ते भाबडे नव्हते. त्यांना पदवी नको होती, नोकरीची परवानगी हवी होती. हा युक्तिवाद झटकून टाकण्याजोगा नाही. काहींना सारे कळत होते, आणि दलालांना पैसे देऊन त्यांनी डोळे मिटून घेतले होते, हे मान्य केले पाहिजे. पण कर्ज काढून आलेल्या आणि प्रवेश खरा की खोटा हे पडताळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने विचारायचे कोणाला? शेवटी सरकारी यादीलाच. आणि खोटे तर त्या यादीतच पेरलेले होते. न्यायालयांनाही हा पेच जाणवलेला दिसतो. न्यू जर्सीच्या विद्यार्थ्यांचा दावा फेटाळणारा निकाल अपील न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केला. फार्मिंग्टनने घेतलेल्या शुल्काबाबतचा दावाही पुढे चालू शकतो, असे २०२४ मध्ये अपिलात ठरले.

या विद्यार्थ्यांतील बहुतेक तेलुगुभाषक होते. मग परभणीच्या पेडगावाने त्यांची चिंता का करावी? एक तर तेलुगु मुलखाचा एक मोठा भाग आणि मराठवाडा १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. दुसरे म्हणजे, शिक्षणासाठी घर सोडणे मराठवाड्याला नवे नाही. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते १९५८ मध्ये. परभणीला कृषी विद्यापीठ मिळाले १९७२ मध्ये. त्यापूर्वी पदवीची वाट हैदराबादेकडे जात असे. १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हणण्याच्या हक्कासाठी उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यांना उस्मानिया विद्यापीठाने काढून टाकले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या विद्यार्थ्यांपैकीच एक.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले, की विद्यापीठ या शब्दाचे वजन ध्यानात येते. उस्मानिया हे खरेखुरे विद्यापीठ होते; सत्तेपुढे त्याने आपल्या विद्यार्थ्यांकडे पाठ फिरवली. फार्मिंग्टन हे विद्यापीठच नव्हते. सत्तेने त्याला विद्यापीठाचा वेष चढवला. आपल्याकडे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार कायद्याने स्थापन न झालेल्या संस्थेला पदवी देता येत नाही, आणि 'विद्यापीठ' हे नावही लावता येत नाही. आयोग बोगस विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. तीत नागपूरच्या एका संस्थेचे नाव वर्षानुवर्षे आलेले आहे. अशा यादीचा उपयोग, ती करणारा स्वतः खोटे बोलत नाही, या विश्वासावरच उभा असतो.

आपण साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक दर्शनी पानावरच्या नावाबद्दल पुष्कळ शंका घेतो; तो आपला अभ्यासच आहे. पण एखाद्या पेडगावातून प्रथमच परदेशी निघालेल्या मुलामुलींना शिक्क्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. त्यांतील कोणी जाणूनबुजून चुकले असेल, तर त्याचा जाब त्याला जरूर विचारावा. मात्र तो विचारणाऱ्याने आधी आपल्या अंगावरचे पांघरूण काढून ठेवावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.