साहेबाचे कट्टे

पुण्याहून आम्ही विजयदुर्गला गेलो. वाघोटन खाडीत कयाक वल्हवली, किल्ला पायी पाहिला. ‘साहेबाच्या कट्ट्यां’वर पुन्हा तेच ऐकलं: १८६८च्या ग्रहणात लॉकियरनं हेलियम इथंच शोधला. आम्हीही वर्गात वर्षानुवर्षं हेच सांगत आलो!

आता बघा. १८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणात जान्सेन गुंटूरला होता, लॉकियर इंग्लंडात. हेलियमची पिवळी रेषा त्यानं तिथूनच, ऑक्टोबरात, ग्रहणाशिवाय टिपली. विजयदुर्गला तो आला २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी. तोवर रॅम्झीला हेलियम पृथ्वीवरही सापडला होता, १८९५ साली.

मग गावाचा मान घटला का? मुळीच नाही. लॉकियर इथं आला होता, हे खरंच आहे. चूक आमची: आवडती गोष्ट आम्ही कधी तपासलीच नाही.