हब्बानिया : वाळवंटांतील एक विमानतळ

महाराष्ट्रांतील वाचकांना कूट-अल्-अमारा हें नांव अगदींच अपरिचित वाटूं नये. पहिल्या महायुद्धांत टायग्रिसकांठच्या ह्या गांवीं जनरल टाउनशेंड ह्यांच्या हाताखालील सहावी, म्हणजे पुण्याची, डिव्हिजन १९१५ च्या डिसेंबरांत तुर्कांच्या वेढ्यांत सांपडली. तिच्यांत १०३, ११० आणि ११७ ह्या तीन मराठा पलटणी होत्या. उपासमारीनें खंगलेल्या त्या लोकांसाठीं इंग्रजांनीं विमानांतून धान्याच्या गोण्या टाकल्या. इतकेंच नव्हे, तर दळण्यासाठीं जात्यांचे दगडही आकाशांतून सोडले. त्यानें हजारोंचीं पोटें थोडींच भरणार! २९ एप्रिल १९१६ रोजीं कूट पडलें आणि सुमारें १३,००० लोक कैद झाले. वेढलेल्या सैन्याला पुरेसें अन्न पोंचविणें ज्या यंत्राला साधलें नाहीं, त्याच यंत्राच्या जोरावर अवघा देश ताब्यांत ठेवण्याचा प्रयोग पुढें त्याच भूमींत झाला. हब्बानियाचा विमानतळ हें त्या प्रयोगाचेंच फळ होय.

युद्ध संपल्यावर इराक ब्रिटिशांच्या हातीं आला. १९२० सालीं तेथें मोठा उठाव झाला. तो मोडण्यास हिंदुस्थानांतून पलटणींवर पलटणी न्याव्या लागल्या आणि सुमारें ४ कोटी पौंड खर्च झाले. विलायतेंतील करदाता कुरकुरूं लागला. तेव्हां वसाहतमंत्री चर्चिल ह्यांनीं १९२१ च्या मार्चमध्यें कैरो येथें परिषद भरविली व इराकचा बंदोबस्त मुख्यतः विमानदळानें करावा असें ठरलें. १९२२ च्या ऑक्टोबरपासून ही व्यवस्था अंमलांत आली. हुकूम न मानणाऱ्या किंवा कर न भरणाऱ्या टोळीवर प्रथम सूचनेचीं पत्रकें टाकावयाचीं आणि तेवढ्यानें न भागल्यास बाँब. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन शहरांवर बाँबवर्षाव करविणारे आर्थर हॅरिस हे त्या काळीं इराकांत एका स्क्वाड्रनचे प्रमुख होते. सरकारी वहींत ही व्यवस्था स्वस्त दिसली ह्यांत संशय नाहीं. मातीच्या घरांत राहणाऱ्यांचा जमाखर्च त्या वहींत नव्हता.

१९३० च्या तहानें इराकला स्वातंत्र्य देण्याचें ठरलें आणि १९३२ सालीं तो राष्ट्रसंघाचा सभासदही झाला. परंतु तहाच्या पांचव्या कलमांत मेख होती. बसऱ्याजवळ एक व युफ्रेटिसच्या पश्चिमेस एक अशा दोन विमानतळांच्या जागा ब्रिटिशांनीं राखून ठेविल्या. शिवाय ह्या सैन्याचें वास्तव्य म्हणजे देशावरील ताबा नव्हे, त्यानें इराकच्या सार्वभौम हक्कांना मुळींच बाध येत नाहीं, असेंही त्याच कलमांत लिहिलें. जी गोष्ट खरोखरच निरुपद्रवी असते, तिच्याविषयीं असें आवर्जून लिहून ठेवावें लागत नाहीं!

बगदादच्या पश्चिमेस सुमारें ५५ मैलांवर, फलूजा आणि रमादी ह्यांच्या मध्यें, १९३४ सालीं बांधकाम सुरू झालें व १९३६ मध्यें तळ उघडला. आरंभीं त्याचें नांव दिब्बान. १९३८ पासून हब्बानिया. भोंवतालीं सुमारें सात मैलांचें कुंपण, आंत नदीच्या पाण्यावर वाढविलेलीं झाडें, हिरवळ, प्रार्थनामंदिर, सिनेमागृह, पोलो व गॉल्फचीं मैदानें. बाहेर रखरखीत वाळू आणि आंत एखादें टुमदार विलायती उपनगर, असा तो देखावा असे. जवळच्या सरोवरावर हिंदुस्थानाकडे येणारीं इंपीरियल एअरवेजचीं जलविमानें उतरत. १९३९ मध्यें ईजिप्तमधून वैमानिकांची शिक्षणशाळा येथें आणण्यांत आली. पुढें कथालेखक म्हणून गाजलेले रोआल्ड डाल हे १९४० सालीं येथेंच शिकले. एवढा खटाटोप करणाऱ्या इंजिनियरांना दक्षिणेचें उंच पठार मात्र नडलें नाहीं. तेथून सबंध तळ तळहातावरील रेषांसारखा दिसतो.

१ एप्रिल १९४१ रोजीं रशीद अली अल्-गैलानी व चार सेनाधिकारी ह्यांनीं बगदादेंत सत्ता बळकावली. राजप्रतिनिधि अब्द-अल्-इलाह अमेरिकन वकिलातीच्या मोटारींत लपून हब्बानियास पळाले. १८ एप्रिलला हिंदी ब्रिगेड बसऱ्यास उतरली. ३० एप्रिलच्या पहांटे पाहतात तों पठारावर इराकी सैन्य तोफांसह येऊन बसलेलें! कूट पडल्यास त्या दिवशीं पंचवीस वर्षें आणि एक दिवस झाला होता.

विमानें उडालीं तर तोफा डागूं, असा इराकी सेनापतीचा निरोप आला. एअर व्हाइस मार्शल स्मार्ट ह्यांनीं शिकाऊ उड्डाणें चालूंच राहतील असें उत्तर धाडलें. त्यांच्याजवळ होतें तरी काय? शिकाऊ आणि जुनाट विमानें, शिक्षक आणि अर्धवट शिकलेले विद्यार्थी. ज्या ऑक्सफर्ड विमानांवर मुलें उड्डाण शिकत, त्यांनाच बाँब टांगण्याचे सांचे बसविले. पठारावरून मुख्य धावपट्टी उघडी दिसे, म्हणून झाडांच्या आडोशाचें पोलो मैदान उड्डाणासाठीं घेतलें. शोभेसाठीं मांडून ठेविलेल्या पहिल्या महायुद्धांतील दोन तोफा दुरुस्त करून कामास लाविल्या. २ मे रोजीं पहांटे पांचाच्या सुमारास हल्ला सुरू झाला. बसऱ्याकडून मोठीं बाँबफेकी विमानेंही मदतीस आलीं. ६ मेला इराकी सैन्यानें पठार सोडलें. माघार घेणारे आणि फलूज्याहून कुमक घेऊन येणारे एकाच रस्त्यावर समोरासमोर आले व त्या गर्दीवर बाँब पडले. महिनाअखेर तहकुबी झाली. ब्रिटिश सैन्य बगदादच्या वेशीबाहेर थांबलेलें असतां १ व २ जूनला शहरांत ज्यूंची कत्तल झाली, तीत १८० च्या आसपास माणसें मारलीं गेलीं. रशीद अलींना केवळ देशभक्त म्हणून गौरविणाऱ्यांनीं आणि ब्रिटिशांना केवळ रक्षक म्हणून गौरविणाऱ्यांनीं हे दोन दिवस वगळूं नयेत.

वेढ्याच्या वेळीं कुंपणाच्या आंत सुमारें ९,००० नागरिक होते. जमिनीवरचें संरक्षण मुख्यत्वें सुमारें १,२०० लेव्ही शिपायांनीं केलें, हें वैमानिकांच्या पराक्रमाच्या वर्णनांत मागें पडतें. ह्या शिपायांत बहुसंख्य असीरियन ख्रिस्ती होते. पहिल्या महायुद्धांत हाक्कारीच्या डोंगरांतून ते निर्वासित झाले. ब्रिटिशांची चाकरी पत्करल्यामुळें शेजाऱ्यांच्या डोळ्यांत सलूं लागले. १९३३ च्या ऑगस्टमध्यें सिमेल येथें इराकी सैन्यानें त्यांच्या शेंकडों लोकांची हत्या केली. त्यांना आसरा देणारें एक ठिकाण म्हणजे हा तळ. २ मे १९५५ रोजीं, पहिल्या हल्ल्यास बरोबर चौदा वर्षें झालीं त्या दिवशीं, राजे फैसल दुसरे ह्यांच्या उपस्थितींत तळ इराकच्या स्वाधीन झाला. त्याच वर्षीं लेव्ही दल मोडलें. निशाण उतरविणारे आपल्या देशीं परत जाऊं शकत होते. ह्या शिपायांना तसा देश नव्हता. कित्येक कुटुंबें पुढें इराक सोडून परदेशीं गेलीं.

१९५८ च्या जुलैंत राज्यक्रांति होऊन फैसल मारले गेले आणि १९५९ च्या मेअखेर उरलेसुरले ब्रिटिश वैमानिकही निघून गेले. १९४१ च्या अनुभवानें शहाणे होऊन ब्रिटिशांनीं पठारावर जी नवी धावपट्टी बांधली होती, तीच पुढें इराकी विमानदळाचा तकद्दुम तळ झाली. तकद्दुम म्हणजे प्रगति. २००३ नंतर तेथें अमेरिकन सैन्य उतरलें, परत गेलें, २०१५ मध्यें पुन्हां आलें आणि २०२० च्या एप्रिलमध्यें तो तळ आणखी एकदां इराकच्या स्वाधीन करण्यांत आला.