तळटीप : मायापुरी आणि कोबाल्टची दोन शिखरे

मायापुरी हा पश्चिम दिल्लीतला भंगारबाजार. दिल्ली विद्यापीठाने लिलावात विकलेला गॅमा सेल (नमुन्यांवर गॅमा किरणांचा मारा करणारे उपकरण) २०१० मध्ये इथे फोडला गेला. आतल्या कोबाल्ट-६०ने एका कामगाराचा जीव घेतला. हा मृत्यू टळू शकला असता. मजकुरातली ‘दोन शिखरे’ म्हणजे त्याच कोबाल्टच्या ११७३ आणि १३३२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमा-रेषा. प्रयोगशाळेत बटणाएवढ्या चकतीतला क्षीण कोबाल्ट जर्मेनियम डिटेक्टरसमोर ठेवतात आणि याच रेषांवरून वर्णपटातल्या कोणत्या चॅनेलला किती ऊर्जा हे ठरवतात. न्यूट्रॉन सक्रियणात नमुन्यातला साधा कोबाल्ट-५९ न्यूट्रॉन शोषून कोबाल्ट-६० होतो, म्हणून तिथेही ओळख हीच. नमुन्यातल्या कोबाल्टचे प्रमाण काढायचे तर डिटेक्टरची कार्यक्षमताही मोजावी लागते. त्यासाठी प्रमाणित स्रोत नमुन्याच्याच अंतरावर ठेवतात.