गाद्यांच्या दुकानावरचं संगीत

वॉशिंग्टन डीसीत, ड्युपॉन्ट सर्कलच्या दक्षिणेला, अठराव्या रस्त्यावर गाद्यांचं एक दुकान होतं. त्याच्या वरच्या मजल्यावर १९९५ साली एक लाउंज सुरू झालं. दारावर पाटी नव्हती. ज्याला ठाऊक असेल त्याने लाकडी दार ढकलायचं, जिना चढायचा आणि वरच्या खोल्यांत सोफ्यावर बसून संगीत ऐकायचं. या ‘एटीन्थ स्ट्रीट लाउंज’च्या मालकांपैकी एक होता एरिक हिल्टन. त्याच वर्षी तिथे त्याची रॉब गार्झाशी ओळख झाली. ब्राझीलचा बोसा नोव्हा, जमैकाचं डब आणि जुनं जॅझ यांवर दोघांचाही जीव. या समान वेडातून ‘थिव्हरी कॉर्पोरेशन’ ही जोडी उभी राहिली.

तिच्या संगीताबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण तिच्या स्वातंत्र्याचं मूळ या जागेत आहे. लोकांना काय ऐकवायचं हे ठरवायला कुणा कंपनीची परवानगी लागत नव्हती. कोणत्या तालावर माणसं थांबतात आणि कोणत्या तालावर उठून जातात, हे रोज रात्री समोर दिसत होतं. १९९६ मध्ये दोघांनी ‘ईएसएल म्युझिक’ हे स्वतःचं लेबल काढलं. पुढे ‘साउंड्स फ्रॉम द थिव्हरी हाय-फाय’ हा पहिला अल्बम त्यावरच आला.

वॉशिंग्टनला याची सवय होती. इयन मकाय आणि जेफ नेल्सन यांनी १९८० मध्येच इथे ‘डिसकॉर्ड रेकॉर्ड्स’ सुरू करून पंक संगीताला स्वतःच्या पायावर उभं केलं होतं. पंकचा कल्लोळ आणि हिल्टन-गार्झा यांचं निवांत, बेसच्या लाटेवर तरंगणारं संगीत यांत ऐकायला काहीच साम्य नाही. व्यवहार मात्र एकच: रेकॉर्ड आपली, निर्णयही आपला.

सुरुवातीचं काम बव्हंशी सॅम्पलरवरचं. जुन्या तबकडीवरचा तुकडा उचलायचा, तो फिरता ठेवायचा, खाली संथ ताल आणि जाड बेस घालायचा, मधूनच आवाजाला डबसारखा घुमारा द्यायचा. २००० सालच्या ‘द मिरर कॉन्स्पिरसी’मध्ये हे तंत्र चांगलंच मुरलेलं दिसतं. त्यातलं ‘लेबनीज ब्लाँड’ वॉशिंग्टनची जॅझ गायिका पॅम ब्रिकर हिने गायलं आणि सतारीने त्याला ओळख दिली. २००४ मध्ये ‘गार्डन स्टेट’ चित्रपटात ते वाजलं, त्या चित्रपटाच्या संगीतसंग्रहाला ग्रॅमी मिळालं आणि हे गाणं लाउंजच्या बाहेर घरोघरी पोचलं.

पण या सतारीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. या गाण्यात ती रंगासाठी आहे. राग नाही, बढत नाही. अत्तराच्या फायासारखी ती गाण्याला लावलेली आहे. शास्त्रीय संगीतावर पोसलेल्या कानाला हे अपुरं वाटलं तर तो दोष कानाचा नाही.

या जोडीचं मोठेपण असं की ती तिथे अडकून राहिली नाही. तुकड्यांची जागा हळूहळू माणसांनी घेतली. ब्राझीलची बेबेल जिल्बेर्तो, इराणी-फ्रेंच लुलू गेलिच्खानी, जमैकन ढंगात गाणारा स्लीपी वंडर, अर्जेंटिनाची नतालिया क्लाव्हिएर अशा आवाजांनी मंच भरू लागला. २००५ च्या ‘द कॉस्मिक गेम’मध्ये डेव्हिड बर्न आणि पेरी फॅरेल गायले. त्याच अल्बममध्ये गुंजनच्या आवाजात ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ आहे; नाव वाचताच मराठी श्रोत्याला राज कपूरचा १९७८ चा चित्रपट आठवणार.

२००५ च्याच सप्टेंबरमध्ये इराक युद्धाच्या विरोधात वॉशिंग्टनमध्ये झालेल्या ‘ऑपरेशन सीझफायर’ या मैफलीत ही जोडी वाजली. आरामखुर्चीतलं संगीत म्हणून हिणवल्या गेलेल्या संगीताने राजधानीत उभं राहून सरकारला विरोध केला. लेबल स्वतःचं असल्यामुळे कुणाला विचारावं लागलं नाही. २००८ चा ‘रेडिओ रिटॅलिएशन’ तर उघड राजकीय. फेमी कुटी, सेउ जॉर्ज, गो-गो संगीताचा वॉशिंग्टनचा जनक चक ब्राउन असे सगळे त्यात आहेत. आणि त्यातल्याच ‘मंडाला’ या गाण्यात अनुष्का शंकर यांची सतार आहे. इथे सतार अंग धरते, गाण्याची दिशा ठरवते.

पुढे २०१४ मध्ये ‘सौदाद’मधून दोघे बोसा नोव्हाकडे परतले, तर २०१७ च्या ‘द टेम्पल ऑफ आय अँड आय’साठी थेट जमैकात, पोर्ट अँटोनिओला जाऊन ध्वनिमुद्रण केलं. जमैकाच्या तबकड्यांवर वाढलेल्यांनी जमैकाच्या वादकांसोबत बसावं, हे उशिरा का होईना, योग्यच झालं.

अठराव्या रस्त्यावरचं ते लाउंज २०२० मध्ये बंद पडलं. ज्यांना ही जोडी नव्याने ऐकायची आहे त्यांनी ‘लेबनीज ब्लाँड’ आणि ‘मंडाला’ ही दोन गाणी पाठोपाठ ऐकावीत, आणि ऐकताना गायक-वादकांची नावंही आवर्जून वाचावीत.