कुठे निघालात?

फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात १९०१ साली ऑगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिच्यावर डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०७मध्ये जो लेख छापला, त्यात एक नोंद आहे: तिला स्वतःच्याच घरात वाट उमगत नसे; ती वस्तू इकडून तिकडे ओढत नेई आणि लपवून ठेवी. म्हणजे या आजाराच्या पहिल्याच केसमध्ये हे हरवणं होतं. पण ते मोजायचं कसं?

पुढची कित्येक वर्षं सगळ्यांना 'भटकणं' हा एकच शब्द लावला गेला. येरझारा घालणारा, संडास शोधणारा, जुन्या घरी जायला निघालेला, सगळे एका रांगेत. शब्द एक, म्हणून उपायही ठरलेला: दाराला कुलूप, नाहीतर खुर्चीला पट्टा. अमेरिकेत १९८७च्या कायद्याने नर्सिंग होममधल्या माणसाला निव्वळ शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधून ठेवायला मनाई केली. बांधायचं नाही, तर आधी तो का चालतोय हे कळायला हवं.

१९९१मध्ये मार्टिनो-साल्ट्झमन आणि सहकाऱ्यांनी नर्सिंग होममधल्या लोकांच्या चालण्याचे चार आकार मांडले: थेट एका जागी जाणं, दोन टोकांत येरझारा, गोल फेऱ्या आणि दिशाहीन फिरणं. कोड लिहिणाऱ्या माणसाला असे चार कप्पे लगेच आवडतात. पण आकार म्हणजे कारण नव्हे. १९९६मध्ये डोना अल्गेस आणि इतर नर्सिंग संशोधकांनी म्हटलं, की भूक, वेदना, लघवीची घाई, एकटेपणा अशी सांगता न येणारी गरजही पावलांतून बोलत असते. २००१मध्ये अल्गेस यांची प्रश्नावली आली. ती भरायची सांभाळणाऱ्याने: किती चालतात? वाट चुकतात का? नजर चुकवून बाहेर पडतात का? भटकणं 'आहे की नाही' याऐवजी 'किती आणि कसं' हे विचारलं जाऊ लागलं.

आज जीपीएसचं घड्याळ आजोबांनी हद्द ओलांडली की मोबाइलवर अलार्म वाजवतं. जीव वाचवायला ते हवंच. पण त्याला फक्त आत आणि बाहेर कळतं. आजोबा रोज संध्याकाळी पाचलाच का उठतात, हे घरातल्या कुणीतरी वहीत लिहून ठेवावं लागतं.

निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारू नये, असं आपल्याकडे मानतात. इथे मात्र विचारायलाच हवं. आणि उत्तर आलं नाही, तर चार पावलं सोबत चालून बघायला हवं.