एंगेज टोनचा इतिहास

इतिहास म्हटला की लढाया आल्या, तह आले, सनावळ्या आल्या. माणसाने आयुष्यातला किती वेळ टेलिफोनचा एंगेज टोन ऐकण्यात घालवला, याचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही. म्हणून मी घेतला लिहायला.

सुरुवात शास्त्रज्ञांनी केली. १९८६-८७ च्या सुमारास जुहूची एन.सी.एस.टी. आणि पवईची आय.आय.टी. यांचे संगणक साध्या टेलिफोनवरून एकमेकांना पत्रं धाडू लागले. मधे दुभाषी मोडेम. इकडच्याने संगणकाचे आकडे शिट्ट्यांत बदलून तारेवर सोडायचे, तिकडच्याने शिट्ट्यांचे पुन्हा आकडे करायचे. एरवी शिट्टी मारणाऱ्याला आय.आय.टी.त कोण घेतो?

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं. सर्वसामान्य म्हणजे ज्याच्याकडे संगणक, फोन, मोडेम आणि चिकाटी, चारही आहेत असा. गिऱ्हाइकं धावली. पण फोन लागेना. लागला तर टिकेना. निगमाचे प्रमुख बी. के. सिंगल यांनी सुरुवात फसल्याचं जाहीरपणे कबूल केलं. सरकारी कारभारात मला तरी ही घटना इंटरनेटपेक्षा ऐतिहासिक वाटते.

अशा ठिकाणी आत असायची टर्मिनल सर्व्हर नावाची पेटी. तिच्या एका अंगाला मोडेमची रांग, प्रत्येकाला स्वतःची टेलिफोन लाइन. दुसऱ्या अंगाला संगणकांकडे जाणारी केबल. बाहेरच्यांना मात्र नंबर एकच. एक्स्चेंजने मोकळी लाइन हुडकून घंटी वाजवायची, मोडेमने फोन उचलायचा. जितके मोडेम तितकीच माणसं आत. एस.टी.त निदान उभं तरी राहता येतं!

खरी मौज पुढेच. रांगेतला एखादा मोडेम रुसला, फोन उचलेनासा झाला, की एक्स्चेंजला वाटे लाइन मोकळी आहे. मग येईल त्याला ते त्याच्याच दारात नेऊन उभं करी. मागचे मोडेम हातावर हात ठेवून बसलेले आणि पुढे घंटी वाजतेय ती वाजतेच! उपाय काय, तर त्या लाइनीचा रिसीव्हर काढून ठेवायचा. ती एंगेज झाली की बाकीच्या सुटल्या. शिवाय फोन तुटल्याचं पेटीला कळलं नाही, तर पुढचा गृहस्थ आधीच्याच्या उघड्या खात्यात अवतरायचा. पत्रं वाचायला मिळायची, पण दुसऱ्याची.

पण हे सारं लोकल कॉलच्या भावातलं दुःख. मोडेमची रांग कुठल्या गावी उभी आहे, यावर इंटरनेटचा भाव ठरे. आमचं अमडापूर चिखली-खामगाव रस्त्यावर. तिथून मुंबईचा नंबर फिरवायचा म्हटलं तर एस.टी.डी. दोन मोडेम ओळख पटेपर्यंत नुसते किंचाळत. त्या किंचाळण्यावरही मीटर पळे. एंगेज लागला तर मात्र एक पैसा पडत नसे. बरं, रात्रीच्या पाव दराची वाट पाहावी, तर तोवर मुंबईकर जेवूनखाऊन त्याच नंबरावर येऊन बसलेले.